फ्रिस्कोत मतदार नोंदवताना टेक्सासचं राजकारण मला कसं दिसलं

"टेक्सास आता निळं होणार", म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाकडे जाणार, हे वाक्य मी इथे राहायला आल्यापासून ऐकतेय. ऑफिसात, पॉटलकला, मुलांच्या सॉकरच्या मैदानावर, आणि निवडणुकीच्या वर्षी तर टीव्हीवर रोज. लोक हिशोब अगदी सोपा मांडतात. लॅटिनो वाढताहेत, एशियन वाढताहेत, कॅलिफोर्नियातून माणसं येताहेत, गोऱ्यांची टक्केवारी खाली येतेय, म्हणजे रिपब्लिकनांचा हा गड आज ना उद्या पडणारच. मी स्वतः त्या वाढत्या आकड्यातलीच एक. व्हिसा, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप असं सगळं पार करून इथली मतदार झाले आणि मग दुसऱ्यांची नावं मतदार यादीत घालायला टेबल टाकून बसायला लागले, आजही बसते. त्यामुळे हा हिशोब प्रत्यक्षात कसा चालतो ते फार जवळून बघायला मिळालं. मंडळात बरेच जण विचारतात म्हणून एकदा नीट लिहून काढते, थोडं लांबेल.

आम्ही २००८ साली न्यू जर्सी सोडून डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत आलो. कारण तेच जे सगळ्यांचं असतं, तिकडे भाड्यात जेवढे पैसे जायचे तेवढ्या हप्त्यात इथे चार बेडरूमचं घर मिळत होतं, स्टेट इन्कम टॅक्स नाही, शाळा चांगल्या. (प्रॉपर्टी टॅक्स किती आहे ते पहिलं बिल आल्यावर कळतं.) तेव्हा आमच्या मागच्या रस्त्यापलीकडे सरळ कुरण होतं आणि त्यात गाई चरायच्या. २००० साली या गावाची लोकसंख्या ३४ हजारसुद्धा नव्हती, २०१० ला १ लाख १७ हजार झाली आणि २०२० च्या जनगणनेत २ लाखाच्या वर गेली. आज साधारण दर चार माणसांमागे एक एशियन, त्यात आपलेच लोक जास्त. हनुमानाच्या देवळात शनिवारी पार्किंग मिळत नाही, किराणा दुकानात चितळेंची बाकरवडी मिळते, आणि शेजारच्या प्लेनोत २०१७ मध्ये टोयोटाने कॅलिफोर्नियातून उचलून आपलं हेडक्वार्टर आणलं तेव्हा त्याच्यासोबत हजारो कुटुंबं आली. म्हणजे "बाहेरून आलेले" कोण हे आमच्या गल्लीत विचारायची सोयच नाही, सगळेच.

पण आलेला माणूस आणि मत देणारा माणूस यात किती वर्षांचं अंतर असतं, ते बाहेरून लोकसंख्येचे आकडे वाचणाऱ्याला दिसत नाही. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग माहितीच आहे, एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त नाही हा नियम, त्यामुळे आमच्या आधी आलेले अजून थांबलेत आणि आत्ता येणाऱ्यांनी तर वर्षं मोजणंच सोडून दिलंय. आमची तारीख त्यातल्या त्यात लवकर लागली, २०१३ ला ग्रीन कार्ड हातात आलं. त्यानंतर पाच वर्षं. मग सिटिझनशिपचा फॉर्म, तेव्हा ७२५ डॉलर फी, बोटांचे ठसे, आणि मग नुसतं थांबणं. त्या काळात डॅलसला फाइल पुढे सरकायला वर्षाच्या वर लागत होतं.

त्या थांबण्यातच २०१८ ची निवडणूक आली. सिनेटसाठी टेड क्रूझ विरुद्ध बेटो ओ'रूर्क. आमच्या गल्लीत, जिथे पूर्वी कुणाच्याही लॉनवर डेमोक्रॅटची पाटी बघितली नव्हती, तिथे काळ्या-पांढऱ्या बेटोच्या पाट्या उगवल्या. मी रोज संध्याकाळी फिरायला जाताना त्या मोजायचे आणि मनात यायचं की मी इथे दहा वर्षं टॅक्स भरतेय, मुलगी इथल्या शाळेत जातेय, आणि या सगळ्यात माझं मत शून्य. क्रूझ जिंकले, पण फक्त २.६ टक्क्यांनी, आणि ते टेक्सासमध्ये, जिथे १९९४ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाचा एकही माणूस राज्यपातळीवर निवडून आलेला नाही. तेव्हा सगळे म्हणाले, बघा, बाहेरून आलेल्यांनी बदललं. पण त्याच वेळच्या एक्झिट पोलने उलटंच सांगितलं. टेक्सासमध्ये जन्मलेल्यांमध्ये बेटो थोडे पुढे होते, आणि दुसऱ्या राज्यातून, देशातून इथे येऊन राहिलेल्यांमध्ये क्रूझना ५७ टक्के आणि बेटोंना ४२. हा आकडा मी तेव्हा दोनदा वाचला. बाहेरून आलेल्यांनी क्रूझना वाचवलं होतं.

इंटरव्ह्यूला बोलावणं आलं तेव्हा मी नागरिकशास्त्राचे शंभरच्या शंभर प्रश्न पाठ केले होते, त्यातले जास्तीत जास्त दहा विचारतात आणि सहा बरोबर आले की पुरे. मुलगी स्वयंपाक करताना मला प्रश्न विचारायची आणि चुकले की ओरडायची. ऑफिसर बाई शांत होत्या. "तुमच्या राज्याच्या एका सिनेटरचं नाव सांगा" हा प्रश्न आला. मी टेड क्रूझ म्हणाले. मग एक वाक्य वाचायला दिलं, एक लिहायला, मग "तुम्ही कधी अमेरिकेत मत दिलंय का, मतदार म्हणून नाव नोंदवलंय का" हे त्यांनी फार सावकाश, माझ्याकडे बघत विचारलं. तो प्रश्न मी पुढे कधी विसरले नाही. सिटिझन नसताना चुकून जरी नाव नोंदवलं तरी माणूस देशाबाहेर जाऊ शकतो इतकी ती गंभीर गोष्ट आहे. पुढे टेबलावर बसायला लागल्यावर फॉर्मवरचा "तुम्ही सिटिझन आहात का" हा पहिला प्रश्न मी प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवते तो यासाठीच.

ओथ, म्हणजे नागरिकत्वाची शपथ, झाली २०१९ च्या सप्टेंबरात. मोठा हॉल, शेकडो माणसं, एकेका देशाचं नाव घेतलं की त्या देशाची माणसं उठून उभी राहायची. मेक्सिको म्हटल्यावर जवळजवळ अर्धा हॉल उभा राहिला. इंडिया म्हटल्यावर आम्ही, आणि आम्हीही काही थोडे नव्हतो. आत जाताना ग्रीन कार्ड काढून घेतात, बाहेर येताना सर्टिफिकेट देतात. आणि बाहेर पडल्या पडल्या दारातच एक टेबल, तिथे दोन वयस्क गोऱ्या बायका फॉर्म आणि पेनं घेऊन बसलेल्या. "अभिनंदन, आता मतदार व्हा." माझा हात थरथरत होता म्हणून त्यातल्या एकीने क्लिपबोर्ड धरून ठेवला. मी त्यांना विचारलं की हे काम कोण करू शकतं, त्या म्हणाल्या तू, आजपासून.

त्याच महिन्यात ह्यूस्टनला हाउडी मोदी झालं. पन्नास हजार माणसं, व्यासपीठावर मोदी आणि ट्रम्प, शिवाय दोन्ही पक्षांचे नेते. आमच्या मंडळातले बरेच जण गेले होते. ज्या समाजाला दहा वर्षांपूर्वी इथे कुणी विचारत नव्हतं त्याच्यासाठी एवढं स्टेडियम भरलं याचा आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू. आणि पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं, बाबांचा नाशिकहून फोन आला की तुझं नाव अजून यादीत आहे, काय करायचं. मी म्हटलं, काढायला सांगा. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, पासपोर्ट सरेंडर करायचा कागद माझ्यासमोरच पडलेला होता. बाबा काही बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडले. ज्यांना वाटतं की आम्ही पटकन इकडचे होतो त्यांना हे माहीत असावं.

पहिलं मत २०२० च्या मार्चमधल्या प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला दिलं. टेक्सासमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष लिहायचा नसतो, प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन सांगायचं की मला अमुक पक्षाची मतपत्रिका द्या. काय मत दिलं ते गुप्त, पण कुठली प्रायमरी घेतली ते नोंदीत जातं. आमच्या घरात मी डेमोक्रॅटिक घेतली, नवऱ्याने रिपब्लिकन. त्याचं म्हणणं असं की आमच्या भागात स्टेटच्या आणि काऊंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखी) बऱ्याच जागांचा निकाल रिपब्लिकन प्रायमरीतच लागतो, नोव्हेंबरात फक्त शिक्का बसतो, मग जिथे निर्णय होतो तिथेच मत द्यावं. मला तेव्हा हे पटलं नव्हतं. आता म्हणेन की त्याच्या बोलण्यात दम होता, कारण प्रायमरीला इतके कमी लोक येतात की एखाद्या मोठ्या सोसायटीने ठरवलं तर निकाल फिरू शकतो. आणि आपले लोक नेमके तिथेच येत नाहीत.

मग मी व्हॉलंटिअर डेप्युटी रजिस्ट्रार झाले. टेक्सासमध्ये नवीन मतदाराला ऑनलाइन नाव नोंदवता येत नाही, ड्रायव्हिंग लायसन्स ऑनलाइन रिन्यू करताना जे काय होतं तेवढंच. बाकी सगळं कागदावर, सही पेनाने. आणि तो कागद दुसऱ्याकडून भरून घेऊन जमा करायचा असेल तर काऊंटीने नेमलेला माणूस लागतो. आमच्या कॉलिन काऊंटीचं इलेक्शन ऑफिस मॅकिनीला आहे. ट्रेनिंग घ्यायचं, मग सर्टिफिकेट मिळतं, त्यावर नंबर असतो. फॉर्म घेतला की समोरच तपासायचा, पावती फाडून द्यायची, पाच दिवसांच्या आत ऑफिसला पोचवायचा, नाही पोचवला तर गुन्हा. नेमणूक सम वर्षाच्या ३१ डिसेंबरला आपोआप संपते, पुन्हा करायची असेल तर पुन्हा सगळं. आणि नेमणूक फक्त त्या एका काऊंटीपुरती.

ही शेवटची अट फ्रिस्कोत किती जाचते ते सांगते. आमचं गाव दोन काऊंट्यांत आहे, पूर्वेकडचा भाग कॉलिन, पश्चिमेकडचा डेंटन. देवळाबाहेर टेबल लावलं की समोर येणाऱ्यातले बरेच जण डेंटनचे निघतात आणि त्यांना स्वतःला ते माहीत नसतं. पत्ता फ्रिस्को, मुलं फ्रिस्कोच्या शाळेत, आणि मी म्हणायचं, सॉरी काका, तुमचा फॉर्म मला घेता येत नाही, हा कोरा न्या, भरा, पोस्टात टाका, तिकीट लावावं लागत नाही. काका फॉर्मची घडी करून खिशात ठेवतात आणि दर्शनाला जातात. तो कागद पोस्टात पडला की धोतराबरोबर वॉशिंग मशिनमध्ये गेला, देव जाणे. पुढे एका डेंटनवाल्या मैत्रिणीला तिकडची नेमणूक घ्यायला लावली आणि आम्ही दोघी एकाच टेबलाला दोन खुर्च्या टाकून बसायला लागलो, डावीकडे कॉलिन, उजवीकडे डेंटन.

टेबलावर बसलं की माणसं कळतात, आणि कुठल्याही पक्षाचा हिशोब तिथे टिकत नाही. आम्ही कुठल्या पक्षाबद्दल बोलत नाही, बोलायचं नसतंच, पण लोक आपणहून बोलतात. कॅलिफोर्नियातून आलेलं एक जोडपं होतं, माझ्या मनात आलं की हे तर नक्कीच लिबरल असणार, तर तो नवरा सही करता करता म्हणाला, आम्ही तिकडचं राजकारण सोडून इथे आलोय, ते इथे यायला नको. गव्हर्नर ॲबट "डोन्ट कॅलिफोर्निया माय टेक्सास" म्हणतात तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यात असे कॅलिफोर्नियावाले भरपूर असतात. जो माणूस टॅक्स कमी म्हणून, बंदूक बाळगता येते म्हणून, मोठं घर आणि चर्च जवळ म्हणून राज्य निवडतो तो इथे येऊन कशाला बदलेल? एक तेलुगू आजोबा होते, मुलाने आणलेले, नुकतेच सिटिझन झालेले. त्यांनी विचारलं, इथे पंचायतीचं मत कुठे असतं? मी म्हटलं, सिटी काउन्सिल आणि स्कूल बोर्डाचं मेमध्ये असतं. त्यांना प्रेसिडेंटमध्ये रस नव्हता, घराजवळच्या रस्त्याला सिग्नल हवा होता. दोन बहिणी आल्या, मोठी अठराची, धाकटी अजून अठराची व्हायला दीड महिना होता, टेक्सासमध्ये सतरा वर्षं दहा महिने झाले की नाव नोंदवता येतं, धाकटीने ते आमच्या बोर्डवर वाचलं आणि उडीच मारली. आणि कितीतरी बायका अशा यायच्या की ज्यांच्या बाजूला उभा राहून नवराच फॉर्म भरायला घ्यायचा. नियमाने नवऱ्याला बायकोच्या वतीने सही करता येते, तो स्वतः मतदार असेल तर. पण मी पेन बाईंच्या हातात देते. ताई, तुम्हीच करा सही.

आणि सगळ्यात जास्त जे येतात ते मत देऊच शकत नाहीत असे. एच वन म्हणजे नोकरीच्या व्हिसावरचे, एच फोर म्हणजे त्यांच्या घरचे, आणि ग्रीन कार्डवाले. थांबतात, हसतात, म्हणतात "अजून वेळ आहे आम्हाला". त्यातल्या कुणाकुणाची मुलं इथेच जन्मलेली, ती अठराची होऊन आई-बापांच्या आधी मतदार झालीत. फ्रिस्कोची जी लोकसंख्या लोक पेपरात वाचतात त्यातला केवढा तरी हिस्सा हा असा, टॅक्स भरणारा, शाळेचे बाक भरणारा, आणि मतपेटीत नसणारा. लॅटिनो समाजाचंही तेच, तो टेक्सासच्या लोकसंख्येत साधारण ४० टक्के आहे, पण मतदानाला पात्र असलेल्यांत साधारण ३० टक्के, कारण एक तर तो समाज वयाने लहान, दुसरं म्हणजे बरेच जण सिटिझन नाहीत. जनगणनेत वाढ दिसली की राजकारणात लगेच दिसेल असं मानणाऱ्यांनी या टेबलामागे एक शनिवार बसावं असं मला मनापासून वाटतं.

२०२० ला वाटलं होतं की गाडी त्या दिशेने चाललीय. २०१२ ला रॉमनी टेक्सासमध्ये जवळजवळ १६ टक्क्यांनी जिंकले होते, २०१६ ला ट्रम्प ९ टक्क्यांनी, २०२० ला साडेपाचच्या आसपास. आमच्या कॉलिन काऊंटीत तर १७ टक्क्यांचा फरक चार वर्षांत साडेचारच्या आत आला. तिकडे ह्यूस्टनजवळ फोर्ट बेंड काऊंटी आधीच फिरली होती, तिथे केरळमध्ये जन्मलेले के. पी. जॉर्ज काऊंटी जज (नाव जज असलं तरी काऊंटीच्या कारभाराचे प्रमुख) झाले होते, तिथूनच श्री प्रेस्टन कुलकर्णी नावाचे माजी डिप्लोमॅट २०१८ आणि २०२० ला काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी उभे राहिले. आडनाव कुलकर्णी म्हटल्यावर आमच्या मंडळाच्या ग्रुपवर काय उत्साह. त्यांच्या प्रचारातून मतदारांना भारतीय आणि इतर कितीतरी भाषांत फोन जायचे. दोन्ही वेळा ते हरले, आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त फरकाने. तेव्हाच थोडं थांबून विचार करायला हवा होता सगळ्यांनी. (जॉर्ज यांनी तर पुढे २०२५ मध्ये पक्षच बदलला, ते रिपब्लिकन झाले.)

२०२१ मध्ये जनगणनेचे आकडे आले. दहा वर्षांत टेक्सासमध्ये ४० लाख माणसं वाढली आणि त्यातली ९५ टक्के गोरी नसलेली. या वाढीमुळे राज्याला काँग्रेसच्या दोन जागा जास्त मिळाल्या, ३६ च्या ३८ झाल्या. आणि मतदारसंघांचे नवे नकाशे काढले तेव्हा त्या दोन नव्या जागांपैकी एकही लॅटिनो बहुसंख्य नव्हती. फ्रिस्कोचा मोठा भाग चार नंबरच्या मतदारसंघात गेला, जो पार ओक्लाहोमाच्या हद्दीपर्यंतच्या खेड्यापाड्यांत पसरलाय. ती माणसं वाईट आहेत असं मुळीच नाही, पण गहू आणि गुरं सांभाळणाऱ्या गावाचे आणि आमचे प्रश्न एकाच माणसाने मांडायचे, आणि त्या गणितात आमच्या मतांचं वजन मुरून जायचं. मला याचा राग आला, अजून येतो. आम्ही इतकी माणसं नोंदवली, आमच्यामुळे जागा वाढल्या, आणि जागा वाढवणाऱ्यांनाच त्यात आवाज नाही.

पण सगळा दोष नकाशावर टाकला तर मी प्रामाणिक राहणार नाही. माझ्याबरोबर टेबलावर एक बाई बसतात, मेक्सिकन वंशाच्या, माहेर स्टार काऊंटीचं, अगदी रिओ ग्रांदे नदीच्या काठावर. त्या काऊंटीत ९५ टक्क्यांच्या वर लोक लॅटिनो. २०१६ ला हिलरी क्लिंटन तिथे ६० टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या होत्या, २०२० ला बायडन फक्त पाचेक टक्क्यांनी, आणि २०२४ ला ट्रम्प तिथे सरळ जिंकले, १८९२ नंतर पहिल्यांदाच एखादा रिपब्लिकन. मी त्यांना विचारलं की असं कसं झालं. त्या अजिबात चकित नव्हत्या. म्हणाल्या, माझा भाऊ बॉर्डर पॅट्रोलमध्ये, म्हणजे सीमेवरच्या गस्ती दलात आहे, भाचा तेलाच्या विहिरीवर, आई रोज चर्चला जाते, महागाईने घर चालवणं अवघड झालं, आणि रात्री अंगणातून अनोळखी माणसं पळत जातात. तुम्ही लोक आम्हाला लॅटिनो म्हणता, आम्ही स्वतःला टेहानो म्हणतो, आमचं कुटुंब टेक्सास अमेरिकेत यायच्या आधीपासून इथे आहे. नवीन आलेल्यांशी आमचं काय नातं? मी गप्प ऐकत राहिले. त्यांनी स्वतः कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही.

तेव्हाच मला २०२२ मधला प्लेनोचा तो व्हिडिओ आठवला, सगळ्यांनी बघितला असेल, पार्किंगमध्ये चार भारतीय बायकांवर ओरडणारी, हात उगारणारी बाई, "परत जा" म्हणणारी, आणि ती स्वतः मेक्सिकन-अमेरिकन. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. नंतर कितीतरी आठवडे मैत्रिणी रात्री जेवून एकट्या पार्किंगमध्ये जायला घाबरायच्या. सगळे अल्पसंख्य एकत्र येतील आणि राज्य फिरवतील असं जे मांडतात, त्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात.

आणि बाहेरून आलेल्यांविषयीचा हा राग समजणं मला अवघड नव्हतं, कारण मी नाशिकची. २००८ च्या फेब्रुवारीत नाशिकमध्ये उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा बाबा सातपूर एमआयडीसीत कामाला होते. हजारो कामगार रेल्वेने निघून गेले, कारखान्यात मशिनं बंद पडली. बाबा तेव्हा फोनवर म्हणाले होते, माझा वेल्डर गेला, पंधरा वर्षं होता, त्याची पोरं मराठी शाळेत होती. त्याच वर्षी मी इथे टेक्सासला आले, जिथे त्या वेल्डरच्या जागी मी होते.

२०२४ ला टेक्सासमध्ये ट्रम्प जवळजवळ १४ टक्क्यांनी जिंकले. कॉलिनमधला फरकही पुन्हा रुंदावला. आमच्या ग्रुपवर निकालाच्या रात्री अर्धे जण फटाक्यांचे इमोजी टाकत होते आणि अर्धे ग्रुप सोडत होते. आपल्यातही एकच मत नाही हो. ज्याचा धंदा आहे तो टॅक्सचं बघतो, जिची मुलगी कॉलेजात आहे ती इथल्या गर्भपाताच्या कायद्याने हादरलेली आहे, जो पंधरा वर्षं रांगेत थांबून कायदेशीरपणे आला त्याला बॉर्डरवरून आत येणाऱ्यांचा राग आहे, आणि जो अजून रांगेत आहे त्याला एच वनवरच्या टीकेची धडकी.

मुळात बाहेरून आलेल्यांनी टेक्सास डावीकडे नेलं असा इतिहासच नाही. यादवी युद्धानंतर शंभर वर्षं हे राज्य डेमोक्रॅटिक होतं, जुन्या सनातनी डेमोक्रॅटांचं. जॉर्ज बुश थोरले, मॅसॅच्युसेट्सला जन्मलेले, कनेटिकटला वाढलेले, १९४८ मध्ये तेलाच्या धंद्यासाठी पश्चिम टेक्सासमध्ये ओडेसाला आले. असे बाहेरून आलेले लोक डॅलस-ह्यूस्टनच्या उपनगरांत स्थिरावले आणि त्यांनीच इथे रिपब्लिकन पक्ष उभा करायला हातभार लावला. राष्ट्राध्यक्षपदासाठी टेक्सासमध्ये जिंकलेला शेवटचा डेमोक्रॅट म्हणजे १९७६ चे कार्टर, १९७८ ला बिल क्लेमेंट्स शंभरेक वर्षांनंतरचे पहिले रिपब्लिकन गव्हर्नर. म्हणजे स्थलांतराने राज्य बदललं हे खरंच आहे, पण ज्या दिशेने लोक आज म्हणतात त्याच्या बरोब्बर उलट. त्यामुळे मी आता कुणाला "पुढच्या वेळी नक्की" असं म्हणत नाही. राज्य बदलेल, नक्की बदलेल, दोन लाखांचं गाव पूर्वीसारखं राहूच शकत नाही. कुठल्या रंगाचं होईल ते येणाऱ्यांच्या कातडीवरून सांगता येणार नाही एवढंच मी छातीठोकपणे सांगते. आणि पक्षांनाही हे कळलेलं दिसतंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढाव्यात म्हणून विधिमंडळाने मधेच पुन्हा नकाशे बदलले तेव्हा त्यातल्या काही जागा लॅटिनो बहुसंख्यच आखल्या, या भरवशावर की २०२४ ला ट्रम्पकडे गेलेले लॅटिनो आता तिथेच राहतील. राहतील की नाही ते तेच ठरवतील.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली जी मला जास्त लागली. इमिग्रेशन खात्याने नियम काढला की ओथच्या कार्यक्रमात मतदार नोंदणी फक्त सरकारी निवडणूक अधिकारी करतील, खाजगी संस्थांना परवानगी नाही. म्हणजे माझा क्लिपबोर्ड धरणाऱ्या त्या दोघींसारख्या बायका आता तिथे नसतील. ऑक्टोबरपासून परीक्षाही अवघड केलीय, १२८ प्रश्न, त्यातले वीस विचारतात, बारा बरोबर हवेत. तो नवा सिटिझन सर्टिफिकेट हातात घेऊन, फोटो काढून, थेट पार्किंगमध्ये जाणार, आणि पुढे कधीतरी कुणीतरी विचारलं तर नाव नोंदवणार.

म्हणून आता आम्ही त्यांना गाठायला दुसरीकडे जातो. लायब्ररी, देऊळ, गुरुद्वारा, मंडळाची दिवाळी, भारतीय किराणा दुकानांचे दरवाजे (मालक परवानगी देतो, आधी विचारा). तुमच्यापैकी कुणी टेक्सासमध्ये असाल आणि नुकतेच सिटिझन झाला असाल तर निवडणुकीच्या तीस दिवस आधी फॉर्म दिलेला किंवा पोस्टात टाकलेला हवा हे लक्षात ठेवा, घर बदललं असेल तर पत्ताही बदलून घ्या, आणि मेच्या स्कूल बोर्डाच्या आणि मार्चच्या प्रायमरीच्या तारखा आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. फ्रिस्कोत राहत असाल तर आधी प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर कॉलिन लिहिलंय की डेंटन ते बघून या. दोन्हीचे फॉर्म आमच्या टेबलावर असतात.